डोळ्याच्या अंधारात दिवा नेणारा शास्त्रज्ञ

डोळ्याविषयी आपल्या भाषेत जितके बोलले जाते तितके शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाविषयी क्वचितच बोलले जात असेल. डोळ्यात तेल घालून राखण करावी, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये, कशाकडे कानाडोळा करू नये, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत काय आहे हे पाहण्याचे साधन १८५० सालापर्यंत कोणत्याही वैद्याच्या हाती नव्हते. मेलेल्या माणसाचा डोळा कापून त्यातले पडदे आणि शिरा पाहिल्या जात. जिवंत डोळ्यात मात्र बाहुलीपर्यंत नजर पोचे आणि तिच्या पलीकडे काळोख असे. बाहेरून निरोगी दिसणारा डोळा आंधळा झाला की रोग्याला काही दिसत नाही आणि वैद्यालाही काही दिसत नाही, अशी त्या काळी वैद्यांमध्येच थट्टा चाले.

हा काळोख ज्यांनी दूर केला ते हर्मान हेल्महोल्ट्झ. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांचे नाव ऊर्जेच्या नियमामुळे ठाऊक असते. आमच्या इल्फर्डच्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यावी असे आम्हांला वाटते, त्याचे कारण मात्र वेगळे आहे. सेव्हन किंग्ज, गँट्स हिल, बार्किंगसाइड या आपल्या भागांतल्या भारतीय घरांत मधुमेह हा आता परका पाहुणा राहिलेला नाही. घरात साखर मोजण्याचे यंत्र आहे, गोळ्यांची डबी आहे, पथ्याची बोलणीही रोज होतात. परंतु हाच आजार हळूहळू डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचतो, आणि पोचला तरी कित्येक वर्षे आपल्याला कळूही देत नाही. तो वेळीच ओळखता येतो, कारण डोळ्याच्या आत पाहता येते. ते पाहण्याची वाट हेल्महोल्ट्झ यांनी मोकळी केली.

शिष्यवृत्तीवर झालेले शिक्षण

हर्मान यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी बर्लिनजवळच्या पोट्सडॅम गावी झाला. वडील तिथल्या शाळेत शिक्षक होते. घरात पुस्तके भरपूर, पैसा मात्र बेताचा. लहानपणी मुलाची प्रकृती नाजूक असे. एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टी पाठ करणे त्याला जड जाई. पण एखाद्या गोष्टीमागचे कारण समजले की ती त्याच्या डोक्यातून जात नसे.

मुलाचा ओढा भौतिकशास्त्राकडे होता. परंतु त्या काळी भौतिकशास्त्र शिकून पोट भरणे कठीण, आणि शिक्षकाच्या पगारात विद्यापीठाचा खर्च भागणेही कठीण. शेवटी वडिलांनी एक तोड काढली. प्रशियाच्या लष्करासाठी डॉक्टर तयार करणारी एक संस्था बर्लिनमध्ये होती. तिथे शिक्षण फुकट मिळे, पण त्याच्या बदल्यात आठ वर्षे लष्करात नोकरी करण्याचे बंधन असे. १८३८ साली हर्मान त्या संस्थेत दाखल झाले. मुलाच्या आवडीचे एक आणि घरच्या परिस्थितीला परवडणारे दुसरे, हा प्रसंग आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरांतही येऊन गेला असेल. हर्मान यांनी त्याबद्दल कुरकुर केली नाही. वैद्यक शिकता शिकता त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र स्वतःच्या बळावर वाचून काढले.

विद्यार्थी असतानाच त्यांना विषमज्वरासारखा कडक ताप आला आणि ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात पडून राहिले. संस्थेचे विद्यार्थी म्हणून त्यांच्यावर तिथे फुकट उपचार झाले, त्यामुळे आजारपणात त्यांचे थोडे पैसे शिल्लक पडले. त्या पैशांतून त्यांनी एक लहानसा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. त्यावर केलेल्या कामातूनच १८४२ साली त्यांचा मज्जातंतूंवरचा पहिला प्रबंध तयार झाला.

पुढे पोट्सडॅमच्या छावणीत लष्करी डॉक्टरचे काम करीत असतानाच त्यांनी १८४७ साली ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. ऊर्जा एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते, नाहीशी होत नाही, हा त्याचा विषय. त्या वेळच्या प्रमुख भौतिकशास्त्रीय नियतकालिकाने तो छापण्यास नकार दिला, तेव्हा त्यांनी तो पुस्तिकेच्या रूपाने छापून घेतला. जाणकारांच्या शिफारशीने १८४८ साली लष्करी नोकरीतून त्यांची मुदतीपूर्वीच सुटका झाली. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८४९ साली, केनिग्सबर्गच्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्याची जागा त्यांना मिळाली. त्याच वर्षी ओल्गा फॉन फेल्टेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

बाहुली काळी का दिसते?

केनिग्सबर्गला आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो ते मोजले. हा वेग मोजता येणार नाही इतका प्रचंड असावा, अशी तोवर समजूत होती. बेडकाच्या मज्जातंतूवर प्रयोग करून हेल्महोल्ट्झ यांनी दाखवून दिले की तो सेकंदाला जेमतेम ३० मीटरच्या आसपास आहे. त्यानंतर १८५० साली त्यांनी विद्यार्थ्यांसमोर शिकवण्यासाठी डोळ्याचा विषय घेतला.

मांजराचे डोळे रात्री दिव्यासमोर चमकतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. माणसाचा डोळाही ठराविक रीतीने प्रकाश टाकला तर आतून लालसर चमकतो, असे त्यापूर्वी काही संशोधकांच्या लक्षात आले होते. त्यांपैकी ब्र्यूके हे तर हेल्महोल्ट्झ यांचे मित्रच होते. ही चमक विद्यार्थ्यांना समजावून सांगताना हेल्महोल्ट्झ यांना एक साधा प्रश्न पडला. डोळ्यातून बाहेर येणारे हे किरण जातात तरी कुठे?

उत्तर त्यांनी कागदावर काढले. दिव्याचे किरण बाहुलीतून आत जातात, डोळ्याचे भिंग त्यांना पडद्यावर एकत्र आणते, आणि पडद्यावरून परतणारे किरण त्याच भिंगातून त्याच वाटेने दिव्याकडे परत जातात. म्हणजे पडदा पाहायचा असेल तर पाहणाऱ्याने आपला डोळा दिव्याच्या जागी ठेवला पाहिजे. पण दिव्यासमोर डोके आणले की प्रकाशच अडतो. बाहुली काळी दिसते ती आत प्रकाश नसतो म्हणून नव्हे. पाहणाऱ्याच्याच डोक्याची आड येते म्हणून ती काळी दिसते.

एकदा कारण कळल्यावर उपाय फार दूर नव्हता. दिवा बाजूला ठेवावा, मध्ये एक काच तिरकी धरावी, म्हणजे काचेवर आपटून दिव्याचा प्रकाश रोग्याच्या डोळ्यात शिरतो, आणि परत येणारे किरण त्याच काचेतून आरपार जाऊन पाहणाऱ्याच्या डोळ्यात येतात. चष्म्याची भिंगे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या पातळ काचा आणि पुठ्ठा यांच्यापासून त्यांनी ते साधन घरच्या घरी चिकटवून तयार केले. पहिल्या दिवशी काहीच नीट दिसले नाही. आपला हिशेब बरोबर आहे अशी मनोमन खात्री नसती तर आपण तो नाद सोडूनही दिला असता, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. आठवडाभर धडपड केल्यावर मात्र जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा त्यांच्यासमोर लख्ख उभा राहिला. तांबूस पडदा, त्यावर फिकट वाटोळा ठिपका, आणि तिथून झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या रक्तवाहिन्या! त्या वेळी हेल्महोल्ट्झ २९ वर्षांचे होते.

६ डिसेंबर १८५० रोजी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळात या शोधाची माहिती देण्यात आली, आणि १८५१ साली त्यावरची पुस्तिका प्रसिद्ध झाली. जर्मन भाषेत त्यांनी त्या साधनाला डोळ्याचा आरसा असे नाव दिले. आपण आज त्याला ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतो. केनिग्सबर्गचे कारागीर रेकोस यांनी त्याला निरनिराळ्या भिंगांच्या फिरत्या चकत्या जोडल्या. त्यामुळे भिंग दर वेळी हाताने बदलण्याचा त्रास संपला.

इंग्रज वाचकांना इथे एक गोष्ट चुटपूट लावून जाते. गणनयंत्रामुळे प्रसिद्धीस आलेले लंडनचे चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ सालीच असले एक साधन बनवून एका नामांकित नेत्रवैद्याला दाखवले होते. त्या वैद्याला त्यात काही विशेष वाटले नाही आणि ते बाजूला पडले. साधन हाती आले तरी त्याचे महत्त्व ओळखणारी नजर लागते, ती अशी.

हेल्महोल्ट्झ यांच्या आरशालाही सगळीकडे लगेच मान मिळाला असे नाही. आजारी डोळ्यात उघडा प्रकाश टाकणे धोक्याचे आहे, असे एका शल्यवैद्याने बजावल्याचे सांगतात. दुसऱ्या एकाचे म्हणणे असे की, ज्यांची नजर अधू आहे अशा वैद्यांना हे यंत्र उपयोगी पडेल, आपली स्वतःची नजर चांगली असल्याने आपल्याला त्याची गरज नाही! परंतु बर्लिनचे तरुण नेत्रवैद्य आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी तो आरसा हाती घेतला आणि काही वर्षांतच नेत्रवैद्यकाचे रूप पालटून टाकले.

साखर आणि डोळ्याचा पडदा

शरीराला चीर न देता जिवंत रक्तवाहिन्या उघड्या पाहता येतील अशी जागा एकच, ती म्हणजे डोळ्याचा पडदा. म्हणून आरसा हाती येताच वैद्यांना तिथे केवळ डोळ्याचेच नव्हे, तर साऱ्या शरीराचे आजार दिसू लागले. १८५५ सालच्या सुमारास व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी एका मधुमेही रोग्याच्या पडद्यावर, पीतबिंदूच्या आसपास, पिवळसर डाग आणि रक्ताचे ठिपके पाहून ते चितारले. पीतबिंदू म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग. वाचायचे, सुईत दोरा ओवायचा, समोरच्याचा चेहरा ओळखायचा, ती सारी नजर या इवल्या जागेत असते. येगर यांचे म्हणणे सर्वांना पटले नाही. डाग आहेत, पण ते मधुमेहामुळेच झाले याला पुरावा काय, अशी शंका खुद्द ग्रेफे यांनी घेतली.

तो पुरावा मिळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली, आणि तो मिळाला तो आपल्या लंडनमध्ये. मूरफील्ड्सच्या नेत्ररुग्णालयाशी संबंधित असलेले एडवर्ड नेटलशिप यांनी १८७२ साली पडद्याच्या सुजेवर लिहिले. पीतबिंदूत पाणी साचून बारीक पोकळ्या कशा होतात ते त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते. त्याच दशकात स्टीफन मॅकेंझी यांनी एका मधुमेही रोग्याच्या डोळ्यांची हकीगत प्रसिद्ध केली. त्या डोळ्यांची सूक्ष्म तपासणी नेटलशिप यांनीच केली होती. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना फुगे आल्याचे त्यात आढळले. हे मॅकेंझी आपल्याला परके नव्हेत. त्यांचा जन्म इल्फर्डपासून जवळच असलेल्या लेटनस्टोनचा. व्हाइटचॅपलच्या ज्या लंडन रुग्णालयात ते काम करीत, तिथे आपण आता एलिझाबेथ लाइनने गाडी न बदलता जातो.

आता हे फुगे म्हणजे काय ते पाहू. रक्तात साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे त्यांना फुगा येतो, कुठे त्या पाझरतात, कुठे बंद पडतात. पाझरलेले पाणी आणि चरबी पीतबिंदूत साचली की तिथे सूज येते. पाण्याने फुगलेल्या भिंतीवरचे चित्र जसे वेडेवाकडे दिसते, तशी सरळ रेघ वाकडी दिसू लागते, अक्षरे पुसट होतात. ज्या भागातल्या वाहिन्या बंद पडतात तो भाग प्राणवायूविना तडफडू लागतो आणि नव्या वाहिन्यांना बोलावणे धाडतो. या नव्या वाहिन्या इतक्या नाजूक असतात की त्या फुटून डोळ्यात रक्त उतरते, किंवा त्यांच्या ओढीने पडदा जागेवरून सुटतो. यातले बरेचसे घडत असताना रोग्याला दुखत नाही, खुपत नाही, आणि पीतबिंदू शाबूत असेपर्यंत नजरही चांगली राहते. खरा धोका आहे तो इथेच.

लोहार आणि मूर्तिकार

इकडे हेल्महोल्ट्झ यांचे आयुष्य पुढे चालले होते. १८५५ साली ते बॉनला गेले आणि १८५८ साली हायडेलबर्गला. १८५९ च्या अखेरीस पत्नी ओल्गा यांचा क्षयाने अंत झाला. दोन लहान मुले पदरात होती. १८६१ साली त्यांनी ॲना फॉन मोल यांच्याशी दुसरा विवाह केला. याच काळात दृष्टीच्या शास्त्रावरचा त्यांचा मोठा ग्रंथ भागाभागांनी बाहेर पडला. तो १८६७ साली पुरा झाला. डोळ्याचे भिंग जवळचे पाहताना कसे फुगते, रंग कसे ओळखले जातात, हे त्यात त्यांनी मांडले. आवाज आणि संगीताचे स्वर यांवरही त्यांनी तितक्याच अधिकाराने लिहिले.

इंग्लंडशी त्यांचा चांगला घरोबा होता. १८५३ साली ते प्रथम इकडे आले तेव्हा मायकेल फॅरेडे यांची भेट झाली. पुढे विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्विन, यांच्याशी त्यांची आयुष्यभराची मैत्री जुळली. १८७३ साली रॉयल सोसायटीने त्यांना आपले कॉप्ली पदक दिले.

१८७१ साली बर्लिन विद्यापीठाने त्यांना भौतिकशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावले. पैशाअभावी तरुणपणी जो विषय हातचा सुटला होता, तो वयाच्या पन्नासाव्या वर्षी असा त्यांच्या पदरात पडला. रेडिओलहरी शोधून काढणारे हाइनरिख हर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. १८८३ साली त्यांना सरदारकी मिळाली आणि त्यांच्या नावात फॉन हा शब्द आला.

१८८६ साली नेत्रवैद्यांच्या जर्मन मंडळाने ग्रेफे यांच्या नावाचे पहिले पदक हेल्महोल्ट्झ यांना अर्पण केले. ग्रेफे स्वतः १८७० सालीच, अवघ्या ४२ व्या वर्षी, निवर्तले होते. त्या समारंभात हेल्महोल्ट्झ यांनी सारे श्रेय नेत्रवैद्यांकडे वळते केले. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की, ग्रीक मूर्तिकार फिडियस याला एखाद्या लोहाराने चांगल्या छिन्न्या करून दिल्या, म्हणून मूर्तीचे श्रेय लोहाराला कसे मिळेल? त्यांच्या शोधामुळे हजारो लोकांची दृष्टी वाचली होती, आणि तरीही ते स्वतःला लोहाराच्या जागी बसवत होते. आमच्या मते मात्र यातली लोहाराची जागा काही लहान नाही. छिन्नीच नसती तर मूर्तिकाराने दगडावर काय बोटे चालवली असती?

१८८८ साली बर्लिनजवळच्या नव्या राष्ट्रीय भौतिक संस्थेचे ते अध्यक्ष झाले. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनानिमित्त भरलेल्या विद्युत परिषदेसाठी ते अमेरिकेला गेले. परतीच्या प्रवासात जहाजाच्या जिन्यावरून पडून त्यांच्या डोक्याला मार बसला. त्यानंतर प्रकृती पूर्ववत झाली नाही. पुढच्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

आरशानंतरची वाट

आरशाने पडदा दिसू लागला, पण दिसले ते वैद्याच्या आठवणीत किंवा त्याने हाताने काढलेल्या चित्रात राही. गेल्या वर्षीपेक्षा डाग वाढले की नाही, हे ठरवायला नेमकी नोंद हवी. ती नोंद छायाचित्राने दिली, आणि छायाचित्राच्या इतिहासात आपल्या गावाचे नाव ठळक आहे. १८७९ साली आल्फ्रेड हार्मन यांनी इल्फर्डच्या क्रॅनब्रुक रोडवरील घरात छायाचित्रणाच्या तयार कोरड्या काचा बनवण्यास आरंभ केला. पुढे त्यातूनच इल्फर्ड हे नाव फिल्मच्या डब्यावर बसून जगभर गेले. अशा काचा दुकानात तयार मिळू लागल्या तेव्हा डॉक्टरांनाही छायाचित्रण आवाक्यात आले. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या पडद्याचे छायाचित्र १८८६ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी रोग्याला दोन मिनिटांहून अधिक वेळ डोळा स्थिर ठेवून बसावे लागले होते. आज तेच काम डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी होते.

१९२१-२२ साली इन्सुलिन सापडले आणि मधुमेही माणसे जगू लागली. पण अधिक वर्षे जगल्यामुळे डोळ्यांचा हा विकारही अधिक दिसू लागला. १९४३ साली ग्लासगोचे बॅलन्टाइन आणि लोवेनस्टाइन यांनी बारीक वाहिन्यांच्या फुग्यांचे महत्त्व पुन्हा जगापुढे मांडले. १९६१ साली अमेरिकेतील नोव्होटनी आणि अल्व्हिस यांनी हातातील शिरेत रंगद्रव्य सोडून ते डोळ्याच्या पडद्यातून वाहताना छायाचित्रे घेण्याची रीत दाखवली. कोणती वाहिनी पाझरते आणि कोणती बंद पडली, हे त्यामुळे दिसू लागले.

दिसले, पण उपाय काय? त्याची कथाही प्रकाशाचीच आहे. १९४५ च्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी सूर्य पाहून पडदा भाजलेल्या रोग्याला जर्मनीचे डॉ. मायर-श्विकेराथ यांनी तपासले. नको तिथे भाजणारा प्रकाश हवा तिथे भाजण्यासाठी वापरला तर, असा विचार त्यांच्या मनात आला. १९४९ साली त्यांनी सूर्यप्रकाशच डोळ्यात वळवून उपचार केले. पुढे सूर्याच्या जागी दिवे आले आणि दिव्यांच्या जागी लेसर आला. पडद्याच्या कडेकडेच्या भागावर लेसरचे शेकडो बारीक डाग दिले की नव्या वाहिन्या आटतात. यामुळे दृष्टी फार मोठ्या प्रमाणात जाण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो, असे १९७६ साली अमेरिकेच्या मोठ्या चाचणीत दिसून आले. १९८५ साली दुसऱ्या चाचणीने दाखवले की, पीतबिंदूच्या सुजेवर नेमक्या जागी लेसर दिल्यास नजर उतरण्याचा धोका सुमारे निम्म्यावर येतो.

१९९१ साली प्रकाशानेच पडद्याचा उभा छेद पाहण्याची तऱ्हा प्रसिद्ध झाली. डॉक्टर तिला ओसीटी म्हणतात. केक कापल्यावर जसे थर दिसतात तसे पडद्याचे थर या यंत्रात न कापता दिसतात, आणि सूज किती मायक्रॉन आहे ते मोजता येते. मग औषधही आले. प्राणवायूविना तडफडणारा पडदा जे द्रव्य सोडून नव्या वाहिन्यांना बोलावतो आणि जुन्यांना पाझरायला लावतो, ते द्रव्य बांधून ठेवणारे इंजेक्शन थेट डोळ्यात देता येऊ लागले. पीतबिंदूच्या सुजेसाठी इथल्या आरोग्यसेवेत २०१३ साली रॅनिबिझुमॅब आणि २०१५ साली अफ्लिबरसेप्ट वापरण्यास, सूज ठराविक जाडीहून अधिक असल्यास, मान्यता मिळाली. डोळ्यात सुई म्हटले की कोणाच्याही अंगावर काटा येतो. पण थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई पांढऱ्या बुबुळात देतात, आणि काम काही क्षणांत आटोपते. सुरुवातीला हे इंजेक्शन साधारण दर महिन्याला घ्यावे लागते. दोन-तीन वेळा घेऊन बरे वाटले म्हणून मध्येच सोडले तर सूज परत येते. ज्यांना हे औषध लागू पडत नाही अशा काहींना स्टेरॉइडचा उपाय असतो. लेसर काय किंवा इंजेक्शन काय, उरलेली नजर राखण्यावर त्यांचा भर आहे. गेलेली थोडीफार परत येतेही, पण उशीर जितका जास्त तितकी आशा कमी.

आपल्या घरचा प्रश्न

एका आनंदाच्या गोष्टीचा इथे उल्लेख केला पाहिजे. इंग्लंडमध्ये २००३ सालापासून मधुमेही रोग्यांच्या डोळ्यांची नियमित छायाचित्रे घेण्याची योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली. बारा वर्षे आणि त्यावरील प्रत्येक मधुमेही व्यक्तीला तिचा लाभ फुकट मिळतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, काम करण्याच्या वयातल्या लोकांना अंधत्व आणणाऱ्या कारणांत इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच दशके पहिल्या क्रमांकावर असलेला मधुमेही नेत्रविकार २००९-१० साली त्या जागेवरून खाली आला होता. यात तपासणीचा वाटा असावा, असे त्या अभ्यासकांचे मत आहे.

आम्हा भारतीयांना मधुमेह होण्याचा संभव गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि तो कमी वयात, कमी वजनातही होतो. म्हणून या योजनेचा सर्वांत जास्त फायदा आपण घ्यायला हवा. परंतु नजर मंदावली की मोतीबिंदू असेल, पिकला की काढून टाकू, अशी आपल्या जुन्या माणसांची समजूत असते. मोतीबिंदू काढता येतो आणि नजर परत येते. पडद्याचे तसे नाही. दुसरी समजूत अशी की, चष्म्याच्या दुकानात नंबर तपासला म्हणजे डोळे तपासून झाले. नंबर तपासणे वेगळे आणि मधुमेहासाठी पडद्याचे छायाचित्र काढणे वेगळे. दुकानात जाऊन आलात तरी आरोग्यसेवेच्या पत्राप्रमाणे तपासणीला जावेच लागते. लागोपाठ दोन तपासण्यांत पडदा स्वच्छ निघालेल्यांना २०२३ पासून दोन वर्षांनी बोलावण्याची पद्धत सुरू झाली आहे. इतरांना वर्षाने किंवा त्याहून लवकर बोलावतात. मधुमेह असलेल्या स्त्रीला दिवस गेल्यास तिची तपासणी अधिक वेळा करतात, तिने ती चुकवू नये.

तपासणीत बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसते, म्हणून स्वतः गाडी चालवत जाऊ नये, आणि परतताना उन्हाचा चष्मा जवळ असावा. दोन तपासण्यांच्या मध्ये सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या, वाचताना मधली अक्षरे हरवू लागली, किंवा अचानक डोळ्यापुढे काळे ठिपके वा पडदा आला, तर पुढच्या पत्राची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि साखर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवावे. साखर नीट राखल्याने डोळ्याचा विकार लांबतो हे १९९३ साली अमेरिकेच्या, आणि साखरेबरोबर रक्तदाब राखल्यानेही तो लांबतो हे १९९८ साली ब्रिटनच्या मोठ्या चाचणीने सिद्ध केले आहे.

हेल्महोल्ट्झ यांच्या पुठ्ठ्याच्या आरशापासून आजच्या यंत्रांपर्यंत एक गोष्ट मात्र बदललेली नाही. आपला पडदा आपल्याला स्वतःला दिसत नाही, तो दुसऱ्या कोणाला तरी दाखवावा लागतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजीची किंवा एकट्याने जाण्याची अडचण असेल, तर सून, मुलगा, नात यांपैकी कोणी अर्धा दिवस मोकळा काढून त्यांना तपासणीला घेऊन जावे. मुलांच्या शाळेसाठी आपण जसा काढतो, तसाच.